उभ्या भाताखालची वाट

अन्याय झाला तो हौसाबाई मेंगाळवर. दोन हजार सात साली, दिवाळीनंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी, सकाळची उन्हं बांधावर उतरत होती तेव्हा. नव्या भाताची पोती भरून तिची बैलगाडी दरवर्षीच्या वाटेने घोटीला निघाली, आणि ती वाट जिथे हायवेला मिळायची तिथे मुरमाचा भराव उभा होता. चौपदरी रस्त्याचा भराव. बैलांनी मान वर करून बघितलं आणि ते थांबले. पलीकडे भाताची गिरणी होती, बाजार होता, सगळी दुनिया होती. अलीकडे हौसाबाई, तिचा म्हातारा सासरा धावजीबाबा आणि मागून येणाऱ्या वाडीतल्या बाकीच्या गाड्या.

रस्त्याच्या कंपनीचा राखणदार शिट्टी वाजवत आला. "इथं रस्ता नाहीये, मावशी. नकाशात नाही."

"मंग मी काय हवेतून आले का रं?" हौसाबाई म्हणाली.

त्या दिवशी गाड्या जागच्या जागी वळल्या. वाडीतल्या बायकांनी जमेल तेवढं भात डोक्यावर घेतलं आणि भरावावर चढल्या. मुरूम पायाखालून सरकत होता. कुणी पडलं, कुणी हसलं, कुणी रडलं. रस्ता बांधणाऱ्यांनी हे सगळं पाहिलं आणि रोलर पुन्हा सुरू केला.

पत्रक लिहायला शिकवताना आमच्या संघटनेचे संजूदादा सांगायचे, पहिल्या ओळीत माणूस आणि वेळ सांग, बाकीचं नंतर. ते मी सांगितलं. आता बाकीचं.

आश्विन संपत आलाय. परवा एसटीने घोटीला जाताना खिडकीतून तो वास आला. पिकत आलेल्या भाताचा वास असतो तो. उकळलेल्या दुधासारखा, थोडा ओल्या मातीचा, थोडा उन्हाचा. इंद्रायणी लावलेली खाचरं तर नाकाने ओळखू येतात. लोक हा वास आला की सणाच्या आठवणीत रमतात. मला तो वास आला की संताप येतो. त्या एका हंगामाने माझ्या नाकाचं असं करून ठेवलंय, त्याला इलाज नाही.

मी नाशिक रोडच्या कॉलनीत वाढलेली मुलगी. वडील नोटांच्या प्रेसमध्ये कामाला. सकाळचा भोंगा, रांगेने निघालेल्या सायकली, आणि सरळ रेषेत आखलेले रस्ते. आमच्या कॉलनीत रस्ता म्हणजे डांबर. श्रावणात तिथेच, वैशाखात तिथेच. त्याला नाव असलं तर कॉर्नर, सर्कल, सिग्नल, नाहीतर नंबर. रस्ता झोपतो आणि उठतो हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

कॉलेज संपल्यावर संघटनेत गेले. आईला वाटलं, चार महिन्यांचं खूळ आहे. "पत्रकं वाटून कुणाचं पोट भरलंय?" असं ती पोळ्या लाटताना भिंतीला विचारायची. दादांनी पहिलं काम दिलं ते भाषांतराचं. चौपदरी रस्त्याचा इंग्रजी अहवाल होता, जाडजूड. त्यातले रस्त्याचे शब्द मराठीत आणायचे, म्हणजे वाडीवाडीत जाऊन लोकांना सांगता येईल की तुमच्या शिवारात नेमकं काय येऊ घातलंय. कारण अहवाल इंग्रजीत, नोटीस सरकारी मराठीत आणि जमीन जाणार ठाकर आदिवासीची. त्या दोन्ही भाषा त्याच्या घरात कधी पाहुण्या म्हणूनसुद्धा आलेल्या नाहीत. यात काही चुकतंय असं एकाही साहेबाला वाटलं नव्हतं.

मी बसले शब्द घेऊन. मीडियनला दुभाजक सापडला. एम्बँकमेंटला भराव. अंडरपासला भुयारी मार्ग. वाडीत त्याला मोरी म्हणतात आणि तोच शब्द बरा. शोल्डरपाशी अडले. दादांना विचारलं, "रस्त्याचा खांदा लिहू?" ते म्हणाले, "रस्त्याला खांदा असता तर त्याने आमचं ओझं घेतलं असतं. साईडपट्टी लिही." राइट ऑफ वे या शब्दाने तर मला दिवसभर पिडलं. मला वाटलं होतं, चला, वहिवाटीचा हक्क! एवढा तरी न्याय आहे इंग्रजीत. वाचत गेले तर कळलं, अहवालात त्याचा अर्थ एवढाच की रस्त्यासाठी सरकार किती रुंद पट्टा घेणार. त्या पट्ट्यात बाकी कुणी पाय ठेवायचा नाही.

स्टेशनजवळच्या इंटरनेट कॅफेत जाऊन मी शब्द शोधायची. मराठीत काही मिळायचं नाही. एका दुपारी अचानक एक पान उघडलं. डावीकडे रस्त्यांचे इंग्रजी शब्द, उजवीकडे कुठल्या तरी भाषेतले. लाटव्हियन. हा देश कुठे आहे ते मला नकाशात शोधावं लागलं. वर थंडीच्या समुद्राकाठी, चिमुकला. पण पठ्ठ्यांनी एकही इंग्रजी शब्द मोकळा सोडला नव्हता. रोडसमोर त्सेल्श. पाथसमोर ताका. आणि खाली एका ओळीत विंटर रोड होतं, त्याच्यासमोर झिएमास त्सेल्श. हिवाळवाट. बर्फ पडलं, पाणी गोठलं की त्याच्यावरून जायची वाट. उन्हाळा आला की ती वाट वितळून जाते. तरी तिला नाव आहे, तरी ती शब्दकोशात आहे! मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही. गंमत वाटली, एवढंच. कॅफेवाला म्हणाला, "ताई, वेळ संपला," आणि मी उठले.

त्यानंतरच्या आठवड्यात हौसाबाईची गाडी अडली आणि मी वाडीत गेले.

तो हंगाम मी कसा विसरू? पहाटे गवतावर एवढं दव की चप्पल पायातून निसटायची. खळी शेणाने सारवलेली, त्यावर भाताचे भारे. झोडणीचा आवाज एकसारखा, धप, धप, मध्येच थांबून कुणीतरी खोकायचं. उन्हात भुसा सोन्यासारखा उडायचा आणि घामावर बसला की अंग असं खाजायचं की सोनं नको वाटायचं. हौसाबाई भारा डोक्यावरून उचलून दगडावर आपटायची आणि मला म्हणायची, "तू बस. तुझे हात लिवायचे." मी हट्टाने एक भारा उचलला. दाण्यांपेक्षा जास्त पेंढाच उडाला. सगळ्या बायका हसल्या. "शहराची झोडणी!" कुणीतरी ओरडलं. नंतर पेजेचं मडकं फिरलं, मिठाची चिमूट, सुकट. अशी पेज मी पुन्हा प्यायले नाही.

तिथे मला ती वाट समजली.

पाऊस असतो तोवर वाडीतून बाहेर पडायचं तर बांधांवरून, एकामागे एक, तोल सावरत. गाडी अंगणात उभी. सगळं शिवार भाताचं. पण कापणी झाली, शेवटचा भारा उचलला, की वाडीतला सगळ्यात म्हातारा माणूस कुदळ घेऊन पहिल्या खाचराच्या बांधावर जातो. नारळ फोडतो. बांधाला एक खाच पाडतो, गाडीचं चाक जाईल एवढी. मग पुढच्या खाचराचा मालक त्याच्या बांधाला पाडतो, मग त्याच्या पुढचा. अशी वाडीपासून हायवेपर्यंत सगळ्यांच्या शेतातून एक वाट उठते. कुणाचं शेत, कुणाची हद्द, काही विचारायचं नाही. पुढच्या पेरणीपर्यंत ते सगळ्यांचं. भावाभावांत बोलणं बंद असेल तरी बांध फोडायचाच. त्याच वाटेने भात गिरणीला जातं, त्याच वाटेने वऱ्हाडं येतात, बाळंतिणी गाडीत घालून नेतात. पहिला नांगर लागला की वाट पुन्हा झोपते. तिला म्हणतात उन्हाळी वाट.

मी धावजीबाबांना विचारलं, "बाबा, मोजणीवाले आले होते ना? मग नकाशात ही वाट कशी नाही?"

बाबा तंबाखू मळत होते. मळतच राहिले.

हौसाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सासऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघून बोलली, "मामंजींना इचार. त्यांनी च्या पाजला त्या साहेबाला."

"पाजला," बाबा म्हणाले. "पावसात आला व्हता. भादव्यात. छत्री, तीन पायाचं यंत्र. लय भला मानूस. त्यानं इचारलं, बाबा, हितून कुठला रस्ता जातो का?"

"मग?"

"मग काय? आमी समदे गप. मी म्हणलं, च्या घ्या."

"पण का? एवढी मोठी वाट! सांगायची ना!"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी देवळात चपला घालून शिरले होते. "उभ्या पिकात वाटंचं नाव काढत नस्त्यात, बाय. नाव काढलं की वाट जागी व्हती. वाट जागी झाली की गुरं ऐकत्यात. मंग भातात शिरत्यात. माझ्या आज्यानं नाय काढलं, बापानं नाय काढलं. मी साहेबापुढं कसं काढू?"

म्हणजे झालं असं की सगळी वाडी छत्रीतल्या माणसाभोवती उभी होती. त्याच्या पायाखालच वाट झोपली होती. विचारल्यावर एकेक जण जमिनीकडे बघत गप्प राहिला, कारण त्यांना त्यांचं पीक वाचवायचं होतं. आणि साहेबाने कागदावर लिहून घेतलं: रस्ता नाही.

आता काही शहाणे म्हणतील, अंधश्रद्धा. म्हणोत. मी त्यांना विचारते, रस्ता मोजणं हा ज्याचा धंदा, त्याने भाताच्या मुलखात भाद्रपदात का यावं? नदी मोजायला कुणी चैत्रात जातं का? आणि आला तर आला, डोळे उघडे ठेवायचे. प्रत्येक बांधाला दरवर्षी एकाच जागी खाच पडून पडून तिथे बांध खचलेला आहे, त्याच्यावरचं गवत वेगळं आहे. एका ओळीत, वाडीपासून हायवेपर्यंत. बघणाऱ्याला ती वाट उभ्या भातातही दिसते. मला दिसली, मी तर नाशिक रोडची आहे. पण त्याला रकाना भरायचा होता. चहा पिऊन त्याने भरला.

दादा, मी आणि हौसाबाई साहेबाला भेटायला गेलो. मोजणीचा नव्हे, त्याच्या वरचा. पत्र्याची खोली, आत एसी, टेबलावर काचेखाली कुठल्याशा देवाचा फोटो. साहेब तरुण होता, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा असेल. अंगावर आला नाही, उलट खुर्च्या दिल्या. भरावाचं काम दुसऱ्या बाजूने अजून व्हायचं होतं. आत्ता मोरी ठेवली तर ठेवता येत होती; एकदा दोन्ही बाजू बांधून झाल्या की संपलं. आम्हाला एवढंच पाहिजे होतं: बैलगाडी जाईल एवढी मोरी.

"मॅडम," साहेब म्हणाला, "आमच्याकडे तीन प्रकार आहेत. रोड, कार्ट ट्रॅक, फूटपाथ. तुमचं कशात बसतं?"

"कार्ट ट्रॅक."

"कार्ट ट्रॅक बारमाही लागतो. हे तर पावसाळ्यात शेत आहे. तुम्हीच म्हणताय."

"पावसाळ्यात शेत, बाकीचं वर्ष वाट."

"असा प्रकार नाही."

हौसाबाई इतका वेळ खुर्चीच्या टोकावर बसली होती. ती म्हणाली, "साहेब, तुमचं लगीन झालंय?"

"हो. का?"

"बायको माहेराला गेली म्हंजे तुमचं लगीन मोडतं का?"

खोलीत सगळे हसले. शिपाई हसला, साहेबही हसला, अगदी मनापासून. मग म्हणाला, "मावशी, तुम्ही बोलता छान."

त्या "बोलता छान"चा राग अजून माझ्या मस्तकातून उतरत नाही. गरिबाचं म्हणणं खोडता आलं नाही की हे लोक त्याची शैली वाखाणतात. मोरी दिली नाही. दाद दिली.

मी तेव्हा उसळून लाटव्हियाची गोष्ट सांगितली. म्हटलं, साहेब, जगात एक देश आहे जिथे फक्त थंडीत असणाऱ्या रस्त्याला शब्द आहे, आणि लोक तो शब्द इंग्रजीसमोर छापतात. तिथला रस्ता पाण्याचा असून रस्ता आहे. आमचा तर मातीचा आहे!

साहेबाने पेनाचं टोपण लावलं. "मग तुम्ही लाटव्हियाला अर्ज करा, मॅडम."

दादांनी माझा हात दाबला नसता तर काय झालं असतं ते मला माहीत नाही. बाहेर आल्यावर हौसाबाईने विचारलं, "तो देश कुठं हाय?"

"लांब आहे. तिकडे बर्फ असतं."

"तिकडं बी लोकं गुरांना भेत्यात का?"

मी तो प्रश्न वहीत लिहून घेतला. आम्ही पत्रकं काढली, सह्या घेतल्या, भरावावर एक दिवस बसलो. पोलिसांनी उठवलं, तेही हसत हसत, "चला ताई, ऊन लागेल." माघ सरेपर्यंत दुसरी बाजू बांधून झाली. साहेबाने मग नकाशावर एक मोरी दाखवली, ती दुसऱ्याच गावाजवळ होती. तिकडे जायचं तर सर्व्हिस रोडने वळसा, आणि तो सर्व्हिस रोड मध्येच नाल्यापाशी संपत होता. वळशाला अहवालात डिटूर म्हटलं होतं. तात्पुरता.

पण खरं नुकसान मला तेव्हा दिसलंच नाही. ते पुढच्या वर्षी दिसलं.

पुढच्या वर्षी कापणी झाली. मी मुद्दाम गेले होते. धावजीबाबा कुदळ घेऊन निघाले नाहीत. ओट्यावर बसून राहिले. मी म्हटलं, "बाबा, नारळ?" ते म्हणाले, "कुठं जायाला?" वाट भरावापाशी जाऊन थांबणार, मग बांध कशाला फोडायचे? भातानंतर उरलेल्या ओलीत पहिल्या शेतवाल्याने हरभरा पेरला. चांगलं केलं, त्याचं शेत आहे. दुसऱ्याने मसूर टाकली. गुरं जाऊ नयेत म्हणून काट्या लावल्या. तिसऱ्यानेही लावल्या. जिथे पिढ्यान्‌पिढ्या दिवाळी झाली की हद्द पुसली जायची, तिथे बोरी-बाभळीचं कुंपण उभं राहिलं. कुणीतरी कुणाच्या काट्या हलवल्या, त्यावरून दोन सख्ख्या भावांत मारामारी झाली. वाडीत अशी मारामारी पहिलीच, असं बाया सांगत होत्या.

हौसाबाईच्या शेतालाही काट्या होत्या. मी बघत उभी राहिले तर ती म्हणाली, "बघती काय? समद्यांनी लावल्या. माझंच शेत उघडं ठेवू? वाट काय माझ्या एकटीची व्हती?"

गाडी अंगणात होती, चाकं काढून भिंतीला टेकवलेली. बैल विकले होते. भात आता डोक्यावरून जातं, भराव चढून, दुभाजकाच्या फटीतून, ट्रक चुकवत. मुंबईहून येणाऱ्या गाड्या तिथे भोंगा वाजवतात. काचेआडून कुणीतरी म्हणत असेल, काय हे लोक, कुठूनही रस्ता ओलांडतात! बाईसाहेब, साहेब, रस्ता ती ओलांडत नाहीये. तिच्या वाटेला तुमचा रस्ता आडवा पडलाय.

रस्ता वाईट आहे असं मी म्हणत नाही. मीही त्याच रस्त्याने जाते, आणि एसटी पूर्वीपेक्षा लवकर पोचते हेही खरं. पण ज्या भाषेत रस्ता फक्त डांबराचा असतो, त्या भाषेने आमच्या शिवाराची मोजणी केली, आणि तिच्या कोशात नाही ते जगातच नाही असं ठरवलं. गाडीवाट, गुरवाट, पांद, बारी, उतार, उन्हाळी वाट. एवढे शब्द त्या वाडीत रोज बोलले जातात. दादांनी मला हे शब्द मराठी बाजूला लिहायला लावले आणि इंग्रजीची बाजू मोकळी ठेवायला सांगितली. म्हणाले, "आता त्यांना शोधू दे."

धावजीबाबा गेल्या शिमग्याला गेले. त्यांना वाडीतल्या माणसांनी खांद्यावरून नेलं ते काट्यांना वळसे घालत, बांधांवरून, पावसाळ्यात नेतात तसं. होळीच्या दिवसांत. खाचरं कोरडी ठणठणीत होती, आणि माणसं एकामागे एक बांधावर तोल सावरत चालली होती. मी मागे होते. एवढा राग मला कशाचाच आलेला नाही.

आणि आता ऐका. या भाद्रपदात पुन्हा मोजणी झाली. वाडीच्या दुसऱ्या अंगाला जोडरस्ता यायचाय. पुन्हा छत्री, पुन्हा तीन पायांचं यंत्र, पुन्हा उभा भात. तिकडेही एक उन्हाळी वाट आहे, दुसऱ्या वाडीची, अजून जिवंत. त्यांनी विचारलं, रस्ता आहे का. लोक जमिनीकडे बघत राहिले. हौसाबाई तिथे मजुरीला गेली होती. ती मला फोनवर सांगत होती, "माझ्या जिभेवर आलं व्हतं, ताई. पण भात त्यांचं व्हतं. माझ्या बोलण्यानं त्यांच्या पिकात गुरं शिरली असती तर?" मी तिला दोष देणार नाही. देणाऱ्याने आधी तिच्यासारखी भीड पाळून दाखवावी.

म्हणून आता बोलायचंय ते तुम्ही. हा अंक हातात घेऊन बसलेले तुम्ही. नाशिकच्या, पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसलाय, पण गावच्या सातबारावर तुमचं नाव आहे, आणि तुमच्या गावातही पिकाखाली झोपणाऱ्या वाटा आहेत. तुम्हाला त्यांची नावं येतात. तुम्हाला गुरांची भीती नाही. या दिवाळीला गावी जाल तर फराळ करून परत फिरू नका. ग्रामसभा भरवा आणि ठराव मांडा: कापणी झाल्याशिवाय आमच्या शिवारात रस्त्याची मोजणी होणार नाही, आणि झालेली असेल तर ती पुन्हा करावी लागेल. सरपंच म्हणेल पुढच्या वेळी बघू. ग्रामसेवक म्हणेल असा नमुना नाही. तुम्ही बसून राहा. कुणी तुमच्या बोलण्याचं कौतुक केलं तर तेही ऐकू नका.

ठराव मांडणार आहात की नाही? तुमच्या गावाचं नाव सांगा. आत्ता.